चंपासक प्रांतांतील कुरुक्षेत्र : एक चिकित्सा

लाओस देशाच्या दक्षिणेस, मेकाँग नदीच्या कांठीं, चंपासक प्रांत आहे. भातशेतीच्या या मुलुखांत फू काओ हा डोंगर असून त्याच्या माथ्यावर निसर्गनिर्मित शिलास्तंभ आहे. लिंगपर्वत हें त्याचें प्राचीन नांव त्यावरूनच पडलें. पायथ्याशीं वाट फू हें जुनें शिवस्थान. २००१ सालीं युनेस्कोनें तें परिसरासह जागतिक वारशांत घेतलें. नजीकच वाट लुआंग काओ येथें, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतला मानला गेलेला, देवानीक राजाचा संस्कृत शिलालेख सांपडला. जॉर्ज सेदेस यांनीं तो १९५६ सालीं संपादून अभ्यासकांवर मोठे उपकार केले.

लेखाचा आशय थोडक्यांत असा : दूर देशाहून आलेल्या देवानीकास लिंगपर्वतानें येथें राज्यपदीं स्थापिलें; त्यानें यज्ञ केले, सहस्रावधि गाई दिल्या, व एक तीर्थ निर्माण करून त्यास कुरुक्षेत्र हें नांव दिलें.

एवढ्यावरून ‘तेथें भारतीयांची वसाहत होती’ असा सिद्धांत आपल्याकडे सहज मांडला जातो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाहीं. पहिलें कारण, दूर देश कोणता हें लेखांत नाहीं. सेदेस यांनीं राजाचा संबंध चंपाच्या राजांशीं जोडला. म्हणजे त्यांच्या मतेंहि तो भरतखंडांतून आलेला नव्हे. दुसरें, देवानीक हें नांव रघुवंशाच्या अठराव्या सर्गांतील राजावळींत येतें खरें. पण नांव संस्कृत म्हणून नांवाचा धनी भारतीय, हें अनुमान सदोष होय. तिसरें, लिंगपर्वत पूर्वापार पूज्य असल्याचें हाच लेख सांगतो. कुरुक्षेत्र हें नांव राहिलें. तर पैठणास दक्षिणकाशी म्हणतात, म्हणून तें काशीकरांनीं वसविलें असें कोणी म्हणत नाहीं.

लेख रचणारास महाभारतांतील कुरुक्षेत्रमाहात्म्य अवगत होतें, हें निर्विवाद. परंतु विद्या पोंचणें निराळें आणि वसाहत होणें निराळें. आज त्या गाभाऱ्यांत बुद्धमूर्ति आहेत, व माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथील लोकांची मोठी यात्रा भरते. दीड सहस्र वर्षें ज्यांनीं तें स्थान राखलें, त्यांचें श्रेय केवळ अक्षरें ओळखीचीं म्हणून आपल्या पदरीं घेणें संशोधकास शोभत नाहीं. संग्राहकांनीं ठसा व पाठ आधीं पुढें ठेवावा, निष्कर्ष मागाहून काढावा, इतकीच विनंति.