सत्तावीस आरोप आणि एक सिद्धान्त

अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाशी असलेले नाते तोडले ते २ जुलै १७७६ रोजी. फिलाडेल्फियात भरलेल्या वसाहतींच्या काँग्रेसमध्ये व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री ली यांचा ठराव त्या दिवशी मंजूर झाला. बारा वसाहतींनी बाजूने मत दिले, न्यूयॉर्क तटस्थ राहिले. पुढच्या पिढ्या २ जुलैचा उत्सव करतील, असे जॉन अ‍ॅडम्स यांनी दुसऱ्याच दिवशी पत्नीला लिहिले. उत्सव मात्र ४ जुलैचा होतो. निर्णयाचा दिवस मागे पडला आणि त्या निर्णयाची कारणे सांगणारा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर ज्या दिवशी मंजूर झाला, तो दिवस लोकांनी आपला मानला. एखाद्या राष्ट्राने युक्तिवादाच्या दिवसाला आपला जन्मदिवस म्हणावे, ही गोष्टच विलक्षण आहे. तो मजकूर सावकाश वाचला की या निवडीचे नवल उरत नाही. त्यातला राजकीय विचार वाक्यांच्या बांधणीतच मुरलेला आहे.

हा विचार कुठून आला, ते थोडक्यात पाहू. १७६३ साली सात वर्षांचे युद्ध संपले तेव्हा इंग्लंड कर्जात बुडाले होते. वसाहतींकडून पैसा उभा करण्यासाठी १७६५ मध्ये मुद्रांक कायदा आला. विरोध झाला, पुढच्याच वर्षी तो मागेही घेतला गेला. पण त्याच वेळी पार्लमेंटने बजावले, की वसाहतींवर हवे ते कायदे बंधनकारक करण्याचा हक्क आपलाच आहे. भांडणाचे मूळ या हक्कात होते. १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बॉस्टनच्या समुद्रात फेकला गेला. त्या वर्षीच्या कायद्याने तो खरे तर स्वस्त पडणार होता. तरीही लोकांनी तो नाकारला, कारण तो विकत घेणे म्हणजे त्यावर कर लावणाऱ्याचा अधिकार मान्य करणे होते. शिक्षा म्हणून बॉस्टनचे बंदर बंद झाले, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडली गेली आणि एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन आणि काँकर्ड इथे रक्त सांडले. इतके होऊनही काँग्रेसने जुलैमध्ये राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला; राजाने त्यांना बंडखोर ठरवले. इंग्रज प्रजाजनांचे परंपरागत हक्क मागून जे मिळाले नाही, ते आता माणूसपणाच्या आधारावर मागावे लागणार होते. जाहीरनाम्याची सारी उंची या बदललेल्या आधारात आहे.

मसुद्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली आणि लेखनाचे काम तेहतीस वर्षांच्या टॉमस जेफरसन यांच्याकडे आले. सभेत ते फारसे बोलत नसत. त्यांची ताकद लेखणीत होती. पहिलेच वाक्य पाहा. ते बॉस्टनपासून सुरू होत नाही, चहापासून नाही, राजापासूनही नाही. ते मानवी इतिहासाच्या ओघापासून सुरू होते: त्या ओघात एखाद्या लोकसमूहाला दुसऱ्याशी जोडणारे राजकीय बंध सोडवावे लागतात, आणि तसे झाले तर जगाच्या मताची बूज राखून त्याने आपली कारणे सांगायला हवीत. बंड हा शब्द इथे येतच नाही. येते ती अपरिहार्यता. जेफरसन यांच्या कच्च्या खर्ड्यात हेच वाक्य निराळे होते. तिथे एक लोकसमूह आजवरच्या दुय्यम स्थितीतून वर येत होता. सुधारलेल्या वाक्यात दुय्यमपणाचा मागमूस राहिला नाही. दोन लोकसमूह समोरासमोर उभे राहिले आणि त्यांच्यात उरला तो केवळ एक बंध. स्वातंत्र्य मिळण्याआधीच व्याकरणाने बरोबरी प्रस्थापित केली, इतकी ही दुरुस्ती नेमकी आहे.

मग येतो सिद्धान्ताचा भाग, आणि त्यातला क्रम चाखून पाहण्याजोगा आहे. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत. त्यांना काही हक्क असे आहेत जे त्यांच्यापासून तोडता येत नाहीत. त्या हक्कांच्या रक्षणासाठी सरकारे असतात. सरकारला अधिकार मिळतो तो शासितांच्या संमतीतून. आणि सरकारच त्या हक्कांवर उठले तर ते बदलण्याचा वा मोडण्याचा हक्क लोकांचा. यातले एकही विधान सुटे नाही. प्रत्येकातून पुढचे निघते. माणूस आधी, हक्क त्याच्यासोबत, आणि सरकार त्यानंतर, तेही कामापुरते. राजाला ईश्वराने नेमले, या समजुतीला इथे कुणी शिवीगाळ केलेली नाही. निर्मात्याने हक्क थेट माणसाला दिले असे म्हटल्याबरोबर मधला राजा आपोआप बाजूला होतो. शतकानुशतकांचा वाद एकही वादाचा शब्द न उच्चारता निकालात निघाला आहे.

या साखळीचे धातू जुने होते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सुमारे नव्वद वर्षे आधीच जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे नैसर्गिक हक्क मांडले होते आणि सरकारला संमतीच्या पायावर उभे केले होते. जून १७७६ मध्ये व्हर्जिनियाने मंजूर केलेला, जॉर्ज मेसन यांनी रचलेला हक्कांचा जाहीरनामाही समोर होता. नवी तत्त्वे शोधणे हा आपला हेतू नव्हता, अमेरिकी मनाला शब्द द्यायचे होते, असे जेफरसन यांनी म्हातारपणी एका पत्रात लिहून ठेवले. जुन्या सामग्रीवर हात कसा फिरला ते मात्र पाहा. लॉक यांच्या त्रयीतली मालमत्ता गेली आणि तिथे सुखाचा शोध आला. मालमत्ता असलेल्यांपुरता अर्थ घेण्याची वाट तिथे बंद झाली. सुख शोधण्याचा हक्क भूमिहीनालाही सांगता येतो. आणखी एक दुरुस्ती: खर्ड्यात ही सत्ये पवित्र आणि नाकारता न येणारी होती, अंतिम मजकुरात ती स्वयंसिद्ध झाली. भूमितीच्या गृहीतकांना लागणारे विशेषण राजकारणाला लागले आणि श्रद्धेने मान्य करायच्या गोष्टी बुद्धीने मान्य करायच्या झाल्या. एका विशेषणाच्या बदलात आख्खे प्रबोधनयुग सामावले आहे.

क्रांतीची घोषणा म्हटली की उसळता आवेश अपेक्षित असतो. जेफरसन यांनी इथे अचानक वेग कमी केला आहे. दीर्घकाळ चालत आलेली सरकारे क्षुल्लक कारणांसाठी बदलू नयेत, असे विवेक सांगतो. माणसे सहसा सवयीची व्यवस्था मोडण्यापेक्षा दुःख सोसणेच पसंत करतात, असा कबुलीजबाब ते देतात. प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा त्यांनी आपल्याच तोंडून मांडला. त्यामुळे पुढे येणाऱ्या आरोपांना आपोआप वजन आले: इतक्या सोशिक माणसांनी तक्रार केली, तर तिला कारण असलेच पाहिजे. संयमाचेच अस्त्र करण्याची ही कला मोठ्या वकिलालाच साधते.

भारतीय तर्कपरंपरेतले न्यायशास्त्र ज्याने वाचले आहे त्याला या बांधणीत ओळखीची रेषा दिसेल. जे सरकार हक्क पायदळी तुडवते ते मोडता येते, ही व्याप्ती. हे सरकार तसेच आहे, हा उपनय. म्हणून आम्ही स्वतंत्र आहोत, हे निगमन. व्याप्ती सिद्ध न करता ती स्वयंसिद्ध म्हणून ठेवली आहे. साऱ्या पुराव्याचा भार उपनयावर टाकला आहे, कारण जगासमोर सिद्ध करायचे ते तेवढेच होते.

हा पुरावा म्हणजे सत्तावीस आरोप. बहुतेक वाचक हा भाग भराभर ओलांडतात, आणि नेमका इथेच कारागिरीचा कळस आहे. 'त्याने' हे पालुपद वाक्यामागून वाक्याच्या सुरुवातीला येत राहते. पहिला आरोप तोफांचा नाही, करांचाही नाही. लोकांच्या भल्याच्या कायद्यांना त्याने संमती नाकारली, इथून सुरुवात होते. मग विधिमंडळे बरखास्त केल्याचा, न्यायाधीशांचे पगार स्वतःच्या मर्जीवर ठेवल्याचा, शांततेच्या काळात फौजा ठेवल्याचा पाढा येतो. प्रतिनिधित्वाशिवाय कर, ही साऱ्या लढ्याची सर्वांत गाजलेली तक्रार, सतराव्या क्रमांकावर आहे आणि मूळ इंग्रजीत ती अवघ्या आठ शब्दांची आहे. पैशाचे भांडण हे सत्तेच्या भांडणाचे एक पोटकलम आहे, हे लेखकाने कुठेही न सांगता नुसत्या क्रमाने दाखवले. शेवटच्या आरोपांत क्रियापदे पेटतात: लुटले, उजाड केले, जाळले. आणि मग काळ बदलतो. भाडोत्री परदेशी फौजा तो या क्षणी पाठवतो आहे, असे वाक्य येताच इतिहासाचा पाढा वर्तमानाच्या भयात शिरतो. अंगावर काटा आणणारे ते स्थित्यंतर एका क्रियारूपाने घडले आहे.

या पालुपदात एक मौनही आहे. ज्या संस्थेने मुद्रांक कायदा केला, चहाचा कायदा केला, बॉस्टनचे बंदर बंद केले, त्या पार्लमेंटचे नाव आरोपांत कुठेच नाही. राजाने इतरांशी संगनमत करून आम्हाला परक्या अधिकाराखाली आणले, एवढाच तिचा उल्लेख. यामागे काटेकोर तत्त्व आहे. पार्लमेंटचा आपल्यावर अधिकार आहे हे वसाहतींनी १७७६ पर्यंत नाकारलेलेच होते. इंग्लंडशी जोडणारा एकच धागा उरला होता, राजनिष्ठेचा. जो बंध मान्यच नाही तो तोडायचा कसा? म्हणून खटला राजावर. आणि त्या राजाचेही नाव, तिसरा जॉर्ज, मजकुरात येत नाही. तो फक्त ग्रेट ब्रिटनचा विद्यमान राजा आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात व्यक्ती उभी नाही, पद उभे आहे. न उच्चारलेल्या शब्दांनी इतके काम केल्याची उदाहरणे राजकीय वाङ्मयात थोडी.

काँग्रेसने खर्ड्याचा जवळजवळ चौथा भाग कापला. बरीचशी काटछाट मजकुराला सुदृढ करणारी होती. एक मात्र जखम ठरली. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोषी धरणारा एक उग्र परिच्छेद जेफरसन यांनी लिहिला होता. माणसांची खरेदीविक्री होते असे सांगताना माणसे हा शब्द त्यांनी ठळक मोठ्या अक्षरांत लिहिला होता. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या आग्रहापुढे तो परिच्छेद गेला. हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते, हेही इथेच लक्षात ठेवायला हवे. आणि अंतिम मजकुरात मूळ रहिवाशांना निर्दय रानटी म्हटले आहे, हेही. रसिकाने हे डाग झाकू नयेत. त्यांच्यामुळेच पहिल्या सिद्धान्ताची ताकद कळते: लेखकाने तो इतका सर्वव्यापी मांडला, की तो लेखकालाही न्यायासनासमोर उभा करतो.

शेवट पुन्हा शांत स्वरात येतो. इंग्लंडच्या बांधवांना आम्ही विनवले, रक्ताच्या नात्याची आठवण दिली, त्यांनीही कान बंद केले. आता इतर जगासारखेच तेही युद्धात शत्रू, शांततेत मित्र. वीररसाच्या ऐन भरात करुणाची ही छटा आली नसती तर निगमन कोरडे झाले असते. मग ली यांच्या ठरावाचे शब्द जसेच्या तसे बसवले आहेत, आणि स्वतंत्र राज्ये युद्ध, तह, मैत्रीचे करार आणि व्यापार करू शकतात असे बजावले आहे. हे वाक्य फ्रान्सच्या दिशेने पाहत लिहिले आहे. बंडखोर प्रजेशी तह करायला कुणी राजा धजत नाही, स्वतंत्र राज्याशी करू शकतो. फेब्रुवारी १७७८ मध्ये तो तह झालाही. अखेरच्या शपथेत तीन गोष्टी पणाला लागतात: प्राण, मग संपत्ती, मग पवित्र प्रतिष्ठा. प्राण सर्वांत आधी ठेवून प्रतिष्ठेला शेवटची जागा देणारा हा चढता क्रम छप्पन्न स्वाक्षरीकारांची मूल्यव्यवस्था उघडी करतो.

हा मजकूर कानांसाठीही लिहिलेला होता. ४ जुलैच्या रात्रीच जॉन डनलॅप यांच्या छापखान्यात त्याच्या प्रती निघाल्या. ८ जुलैला तो फिलाडेल्फियात जाहीरपणे वाचला गेला आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये सेनापती वॉशिंग्टन यांच्या सैनिकांसमोर. ते वाचन ऐकून जमावाने तिसऱ्या जॉर्जचा पुतळा खाली ओढला. पालुपदाची लय, श्वासाच्या अंतराने तुटणारी वाक्ये, चढती क्रियापदे यांचा उपयोग त्या दिवशी कळला.

पण त्याची खरी पारख पुढच्या पिढ्यांनी केली. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स इथे स्त्रियांच्या हक्कांची सनद मांडताना एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी हीच बांधणी उचलली. स्त्री आणि पुरुष समान आहेत एवढी भर घातली, आणि 'त्याने' हे पालुपद तसेच ठेवले. आता त्याचा अर्थ राजा नव्हता, पुरुष होता. १८५२ मध्ये गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी याच मजकुराच्या बळावर त्याच्या वारसांना जाब विचारला. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली, तेव्हा खर्ड्यातून खोडलेल्या त्या परिच्छेदाचे देणे तिथल्या लोकांनी फेडायला घेतल्याची दखल पुण्याने घेतली होती. १९४५ मध्ये हनोईत हो ची मिन्ह यांनी व्हिएतनामच्या स्वातंत्र्याची घोषणा केली ती याच जाहीरनाम्याचा दाखला देऊन. सत्तावीस आरोप ज्या राजावर होते त्याच्याबरोबर ते इतिहासजमा झाले. सिद्धान्ताची जागा मात्र अशी निवडली होती, की त्याच्याखाली कुणालाही आपले आरोप लिहिता यावेत. जेफरसन यांच्या कलेचा सर्वांत मोठा विजय मला यात दिसतो.