पाराच्या चार ओळी

वाङ्मयाच्या चर्चेत मोबाइलवरच्या खेळाची गोष्ट आणणे कित्येकांना औचित्यभंगाचे वाटेल. परंतु ज्या खेळापायी माणसाला आपल्या गावच्या जागेवर चार ओळी लिहाव्या लागतात आणि त्या ओळींचा निवाडा परके वाचक करतात, त्या खेळाने एक लहानसा गद्यप्रकारच जन्माला घातला आहे. आणि गद्यप्रकार म्हटला की टीका आलीच.

‘पोकेमॉन गो’ हा खेळ नायँटिक या अमेरिकन कंपनीने जुलै २०१६ मध्ये काढला; त्याच वर्षी डिसेंबरात तो भारतात आला. खेळणारा खरोखरीच्या रस्त्याने चालतो. देऊळ, पुतळा, वाचनालय, बाग अशा खऱ्या जागा खेळातले थांबे होतात. नवा थांबा सुचवायचा तर नाव, छायाचित्र आणि वर्णन धाडावे लागते. २०१९ पासून ‘वेफेअरर’ नावाच्या व्यवस्थेत प्रामुख्याने इतर खेळाडूच ते तपासत आले. जागा हिंडून पाहण्याजोगी असावी, व्यायामाला उपयोगी असावी, किंवा माणसांना एकत्र आणणारी असावी, असे तीन निकष. शिवाय ती कायमची हवी, ओळखू येणारी हवी, पायी निर्धास्त गाठता येणारी हवी. खाजगी घर आणि मुलांची शाळा वर्ज्य.

अशाच एका खेळासाठी माझ्या भाच्याने वणीतला आमच्या आळीचा पार सुचवला. मजकूर अर्थातच मी लिहिला. ‘शिवकालीन’, ‘भव्य’, ‘ऐतिहासिक’ अशी विशेषणे त्यात सढळ हाताने पेरली. सूचना नामंजूर झाली. मी संतापलो, तेव्हा भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, पार कुणी नाकारला नाही. तुमचं वर्णन नाकारलंय.”

मी ते पुन्हा वाचले, आणि परीक्षकाचे बरोबर होते हे कबूल करावे लागले. झाडाचे वय मी मनाने ठरवले होते. छायाचित्र भर दुपारचे. पारावर चिटपाखरू नव्हते. जी जागा माणसे जमतात म्हणून जागा आहे, तिच्या वर्णनात मी एकही माणूस बसवला नव्हता! आपल्याकडच्या पुष्कळशा स्थळवर्णनांचा हाच दोष आहे. जागेला मोठेपणा उसना आणून द्यायचा, आणि तिचे खरे काम सांगायचे नाही.

वास्तविक मराठीला ही विद्या नवी नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी कोठे उतरले, कोठे बसले, ती जागा देवळाच्या कोणत्या दिशेला, याची ती नोंद. तिथे विशेषणे थोडी, दिशा पुष्कळ. भक्ती उदंड असूनही लिहिणाऱ्याचा हात सैल सुटत नाही. म्हणून तिचा ओटा आजही डोळ्यांपुढे उभा राहतो. माझ्या चार ओळींत नेमका हा संयम नव्हता.

तरीही निकषांवर माझा एक आक्षेप उरतोच. ‘कायमची’ जागा म्हणजे कोणती? नवरात्रात नाशिककडून दिंडोरीवरून गडाकडे पायी निघालेली माणसे वणीतून जातात. त्यांच्यासाठी रस्त्याकडेला चहापाण्याचा मांडव पडतो. नवरात्र संपले की तिथे काही उरत नाही. आठवडेबाजाराची जागाही एरवी ओसच. दगडाला कायम म्हणणारे माप या जागांना लागू पडत नाही. गड कळवण तालुक्यात, वणी दिंडोरी तालुक्यात. तरी सप्तशृंगीला लोक ‘वणीची देवी’च म्हणतात. नकाशावरच्या रेषेहून पायाखालची वाट आणि तोंडातले नाव अधिक टिकाऊ असू शकते. हे त्या मापाला कळायचे नाही; ते सांगण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची.

दुसऱ्यांदा आम्ही संध्याकाळी गेलो. पाराला कोण काय म्हणते ते विचारले, तर दोन पिढ्यांची दोन नावे निघाली. मग लिहिले: ‘पिंपळाभोवती बांधलेला पार. संध्याकाळी म्हातारी माणसे इथे बसतात. द्राक्षांच्या भावाची बोलणी इथेच निघतात. बाजूला प्यायच्या पाण्याचा नळ आहे.’

निकाल अजून लागायचा आहे. त्या खेळांचेही खरे नाही. ‘पोकेमॉन गो’चा मालकच २०२५ मध्ये बदलला. उद्या हे सारे थांबे पुसले जातील. पण तोवर कुणी परका त्या ओळी वाचून पारापाशी आला, तर त्याला सांगितले तेच दिसेल. पहिला मजकूर मंजूर झाला असता, तर खोटे आमच्या नावावर राहिले असते.