मन खातं तेव्हा

मराठीत दुःख आधी ताटावर दिसतं. घास घशाखाली उतरत नाही, अन्न गोड लागत नाही, रुसलेलं माणूस उपाशी झोपतं. म्हणूनच ‘राग अन्नावर काढू नये’ असं घरोघरी बजावलं जातं. मन बिघडलं म्हणून जास्त खाणाऱ्याच्या वाट्याला मात्र ‘खा खा सुटली आहे’ अशी हेटाळणीच येते. ‘भावनिक खाणे’ या मानसशास्त्रीय संज्ञेने ही उणीव भरून निघेल असं वाटतं. पण ही संज्ञा मोजली कशी जाते, हे तपासायला हवं.

या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा आधार एक डच प्रश्नावली आहे. तात्याना व्हान स्ट्रिन आणि सहकाऱ्यांनी ती १९८६ साली प्रसिद्ध केली. तिच्यातल्या ३३ प्रश्नांपैकी १३ भावनिक खाण्याचे आहेत. चिडचिड, कंटाळा, एकटेपणा अशा वेळी खावंसं वाटतं का, एवढंच ते विचारतात. उत्तरं ‘कधीच नाही’पासून ‘फार वेळा’पर्यंत पाच. एक मजकूर म्हणून ती वाचली की तिचा एकांगीपणा जाणवतो. काळजीने भूक मेलेला आणि काळजीचा खाण्यावर काहीच परिणाम न होणारा, दोघांचंही उत्तर ‘कधीच नाही’ असंच येणार. आपल्या भाषेने ज्याची सर्वांत जास्त नोंद ठेवली, ते इथे मोजलंच जात नाही. कमी खाल्लं जातं की जास्त, हे दोन्ही विचारणारी प्रश्नावली नंतर आली.

दुसरी अडचण उत्तरांची आहे. २००९ साली नेदरलँड्समधल्याच संशोधकांनी प्रयोग करून पाहिले. स्वतःला भावनिक खाणारे म्हणवणारे लोक मन खट्टू झाल्यावर इतरांपेक्षा जास्त खाताना दिसले नाहीत. सगळ्या प्रयोगांचा कौल असाच नाही; पण ही उत्तरं खाण्याची की खाल्ल्यानंतरच्या अपराधी भावनेची, ही शंका उरतेच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २००४ साली शिकागोत १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं. दहा तासांच्या रात्रींच्या तुलनेत त्यांच्या रक्तात तृप्ती कळवणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळलं. गोड-खारट खाण्याची इच्छाही वाढली. प्रयोग लहान आहे. पण या भुकेला ‘भावनिक’ कसं म्हणायचं?

सवयी, ताण आणि खाणं हे सारं एकाच बैठकीत विचारणाऱ्या पाहण्यांमधून त्यांचा परस्परसंबंध कळतो. आधी काय आणि नंतर काय, हे कळत नाही. तरी निष्कर्षात सल्ला येतो तो भावना आवरण्याचा.

लोकलने उशिरा घरी येऊन स्वयंपाक करणारी, सगळ्यांची पानं उचलल्यावर ओट्याशी उभ्यानेच उरलंसुरलं संपवणारी बाई ही प्रश्नावली भरेल, तेव्हा ‘फार वेळा’वर खूण करील. ती किती तास झोपली आणि दिवसभरात एकदा तरी ताट वाढून घेऊन बसली का, हे त्या १३ प्रश्नांत नाही. हे दोन प्रश्न आधी विचारले, तर तिला द्यायचा सल्लाही बदलेल, आणि तो एकट्या तिलाच द्यावा लागणार नाही.