रांगेत उभ्या असलेल्यांचं काय?

आईचा फ्रिज बिघडला तेव्हा तिने अकरा दिवस कंपनीला फोन केले. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ही टेप तिला पाठ झाली होती. बाराव्या दिवशी मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून कंपनीला टॅग केलं, चार तिखट ओळी लिहिल्या आणि बिलाचा फोटो जोडला. चाळीस मिनिटांत उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक साताऱ्याला आमच्या दारात हजर.

मी खूश. आई म्हणाली, "बरं झालं बाबा. पण खालच्या काकूंचं वॉशिंग मशीन महिनाभर पडून आहे. त्यांच्या घरात कुणी ट्विटरवर नाही. त्यांनी काय करायचं?"

हा प्रश्न मला लागला, कारण उत्तर मला माहीत होतं. माझ्या पहिल्या नोकरीत मी तक्रारी हाताळणारं सॉफ्टवेअर लिहायचो. प्रत्येक तक्रारीचं एक तिकीट बनतं आणि तिकिटाला प्रायॉरिटी मिळते. फोनवरून आलेलं तिकीट साधं, सोशल मीडियावरून आलेलं तातडीचं. तक्रारदाराचे फॉलोअर्स जास्त असतील तर तिकीट आणखी वर. तो नियम मीच कोडमध्ये लिहिला होता. तेव्हा त्यात मला काहीच खटकलं नव्हतं.

सोशल मीडियाने सामान्य माणसाला आवाज दिला, असं आपण गेली दहा वर्षं म्हणतोय. ते खोटं नाही. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना (२०१४ ते २०१७) धावत्या गाडीतून केलेल्या ट्वीटवर मदत मिळाल्याच्या बातम्या यायच्या. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना परदेशात अडकलेले लोक थेट त्यांना लिहायचे आणि उत्तर मिळायचं. मुंबई पोलीस २०१५च्या अखेरीस ट्विटरवर आले आणि त्यांच्या विनोदांचेही चाहते झाले. ज्यांना मदत मिळाली त्यांच्यासाठी ती खरीच होती.

पण या गोष्टींत नायक नेहमी मंत्री किंवा हँडल असतं. आपण त्यांचे आभार मानतो, स्क्रीनशॉट शेअर करतो. जे काम नियमाने व्हायला हवं होतं, ते मेहेरबानी म्हणून होतं. आणि आवाज 'सामान्य माणसाला' मिळालाय म्हणताना आपण काकूंना मोजतच नाही.

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना 'स्टार्व्हेशन' नावाचा प्रकार शिकवतात. प्रायॉरिटीनुसार कामं उचलली आणि वरच्या प्रायॉरिटीची कामं येतच राहिली, तर तळातल्या कामाचा नंबर कधीच लागत नाही. शब्दशः उपासमार. त्यावर उपाय म्हणजे 'एजिंग'. काम जितका वेळ थांबेल, तितकी त्याची प्रायॉरिटी आपोआप वाढत जाते. त्याला ओरडावं लागत नाही. थांबणं हेच त्याचं बळ होतं.

गंमत अशी, की हा उपाय आपल्या कायद्यात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा. त्यात अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते. ती टळली की प्रथम अपील, मग द्वितीय अपील, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. म्हणजे जितका उशीर, तितका वरचा दरवाजा. हे एजिंगच आहे. पण माझ्या वयाच्या किती जणांनी हे अपील केलंय? मी तरी केलं नव्हतं. मला महापालिकेचं हँडल पाठ होतं, वॉर्ड ऑफिसचा पत्ता माहीत नव्हता.

मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही, प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात आमच्यासारखे लोक खड्ड्यांचे फोटो टाकत राहिले. 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे' असं उत्तर आलं की समाधान. ज्याला मत मागायला पुन्हा दारात यावं लागतं असा नगरसेवक नाहीये, याची उणीव मला फारशी जाणवली नाही. टॅगने ती जागा भरल्यासारखी वाटली.

ही सवय मग घरापर्यंत येते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाची तरी वाकडी लावलेली बाइक, फ्लॅट नंबरसकट, शंभरेक लोकांसमोर येते. खाली जाऊन बेल वाजवायला दोन मिनिटं लागली असती. पण चारचौघांत लाज काढली की काम लवकर होतं, हे आपण कंपन्यांशी भांडून शिकलोय. कंपनीला लाज वाटत नाही, तिला फक्त नुकसान दिसतं. शेजारी मात्र लिफ्टमध्ये नजर चुकवायला लागतो.

टॅग करूच नका, असं मी म्हणणार नाही. मीही करेन. पण टॅग ही रांग नाही, रांग चुकवायची वाट आहे. ती चुकवता येणारे आपणच असू, तर रांग नीट करा म्हणून भांडायला मागे उरतं कोण?

काकूंसाठीही टॅग करतो, असं मी आईला फोनवर म्हणालो. ती म्हणाली, "आणि त्यांच्या पुढच्या वेळी?" म्हणून मी तिला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर दिला, १९१५. तिने काकूंच्याच फोनवरून लावून दिला. बिल बघून काकू स्वतः बोलल्या, तक्रार क्रमांक मिळाला. मशीन दुरुस्त व्हायला अठरा दिवस लागले. माझ्या चाळीस मिनिटांपुढे हे काहीच नाही. पण त्यानंतर काकूंनी तो नंबर बिल्डिंगमधल्या आणखी दोघींना दिला. माझे फॉलोअर्स मला कुणाला देता आले नसते.