सहा गठ्ठे आणि एक टेबल : लखिना पॅटर्नकडे पुन्हा एकदा

आजचा विषय आयोजकांनी पत्रात असा कळवला होता : 'मनुष्यबळ व्यवस्थापन आणि सरकारी कर्मचाऱ्याची उत्पादकता'. पत्र वाचून मी त्यांना फोन केला आणि विचारलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला का बोलावता? त्यांचं उत्तर फार प्रामाणिक होतं. ते म्हणाले, "व्यवस्थापनवाले बोलून गेले सर. लोकांना झोप लागली." (हशा)

तेव्हा मी व्यवस्थापनशास्त्र सांगायला आलेलो नाही, आपल्या जिल्ह्यात घडलेल्या एका प्रयोगाची समीक्षा करायला आलोय. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, मग कार्यालयाची का होऊ नये? तीही माणसाने रचलेलीच गोष्ट आहे. प्रयोगाचं नाव 'लखिना पॅटर्न'. समोर बसलेल्यांपैकी जे महसूल खात्यात होते त्यांना तो ठाऊक आहे. तरुणांनी नाव ऐकलं असेल, पण ते माणसाचं नाव आहे हे किती जणांना माहीत असेल, शंका आहे.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला अनिल कुमार लखिना नगरचे जिल्हाधिकारी होते. (अहिल्यानगर हे नाव अलीकडचं, मी जुन्या काळाबद्दल बोलताना नगरच म्हणणार, रागावू नका.) क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, आज 14 तालुके. अकोल्याच्या डोंगरातला माणूस शंभरावर किलोमीटर एसटीने यायचा, आणि त्याला ऐकायला मिळायचं, "साहेब दौऱ्यावर आहेत" किंवा "ते टेबल माझ्याकडे नाही." 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण विनोदासाठी जन्मलेली नाही. ती अशा परतीच्या एसटीत जन्मलेली आहे.

लखिनांनी काय केलं? भाषणं दिली नाहीत, नवी माणसंही भरली नाहीत. होती तीच माणसं, त्याच पगारावर. कार्यालयातली बैठक बदलली. कोणतं काम कोणाचं, कोणत्या पातळीवर त्याचा निर्णय व्हायचा, हे लिहून काढलं. जुन्या नियमपुस्तिका अद्ययावत करून घेतल्या, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, अभिलेख कक्ष लावला, आणि येणाऱ्या माणसाला दहा टेबलं फिरायला न लावता एका खिडकीशी त्याचं काम व्हावं अशी सोय केली. आज 'एक खिडकी' हा शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्यात कधीकाळी क्रांती होती हे जाणवतच नाही.

आणि त्या नावाबरोबर कार्यालयांत आजही सांगितली जाते ती 'सहा गठ्ठा पद्धत'. जे सरकारी नोकरीत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक कारकुनाने आपल्याकडचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. पहिला, ज्यावर मला स्वतःला काही करायचं आहे. दुसरा, ज्यावर मी लिहिलंय आणि दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतोय. तिसरा, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे. चौथा, स्थायी आदेश. पाचवा, काम संपलेली आणि अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं. सहावा, नष्ट करायचे कागद. संपलं. यात काय मोठं?

मला विचाराल तर, ही तत्त्वज्ञानाची कामगिरी आहे. हसू नका. कांट जे ज्ञानाबद्दल म्हणतो, की नुसते अनुभव आंधळे असतात, त्यांना कोटी लागतात, तेच या टेबलावर घडलेलं आहे. त्याआधी कारकुनासमोर ढीग होता. ढिगाला 'मी काय करू?' हा प्रश्न विचारता येत नाही. ढिगाकडे बघून फक्त घाबरता येतं, आणि घाबरलेला माणूस काय करतो? वरचा कागद उचलतो, नाहीतर साहेबांनी ज्याबद्दल विचारलं तो, नाहीतर ज्याच्यासाठी कोणी चहा पाजला तो. आपण ज्याला कामचुकारपणा म्हणतो त्याचा बराच भाग या भीतीचा असतो असं माझं मत आहे. सगळा नव्हे. बराच.

पहिला आणि दुसरा गठ्ठा वेगळा करण्यात तर फार मोठी गोष्ट आहे. 'माझ्यामुळे अडलंय' आणि 'दुसऱ्यामुळे अडलंय' यातला फरक. सरकारी कार्यालयात सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं वाक्य कोणतं? "वर पाठवलंय." ते वाक्य कधी खरं असतं, कधी पळवाट. दोन गठ्ठे केले की ते तपासता येतं, आणि तपासता येतं म्हटल्यावर प्रामाणिक माणसाची सुटका होते. ही गोष्ट लक्षात घ्या. तपासणीने फक्त आळशी माणूस उघडा पडतो असं आपण समजतो. पण तपासणी नसते तेव्हा सर्वांत जास्त अन्याय काम करणाऱ्यावर होतो, कारण शिव्या सगळ्यांना सारख्याच बसतात.

व्यवस्थापनवाले या प्रयोगाला टेलरच्या खात्यात टाकतील. फ्रेडरिक टेलरचं 'वैज्ञानिक व्यवस्थापना'वरचं पुस्तक 1911चं. कामाचे तुकडे पाडा, घड्याळ लावा, सर्वांत चांगली एक पद्धत शोधा. कोणी हॉथॉर्नचं नाव घेईल. शिकागोजवळच्या कारखान्यात 1924 ते 1932 या काळात प्रयोग झाले. दिवे वाढवले तरी काम वाढलं, कमी केले तरी वाढलं, आणि निष्कर्ष काढला गेला की कामगारांकडे कोणीतरी लक्ष देतंय हेच कारण. त्या निष्कर्षावर पुढे बरेच वाद झाले, त्यात शिरत नाही. मला वाटतं लखिनांच्या प्रयोगात दोन्ही होतं, आणि तिसरंही काही होतं जे त्या दोघांत नाही. कारखान्यातल्या कामगाराला तुकडा मिळतो आणि पूर्ण वस्तू दिसेनाशी होते. इथे उलट झालं. कारकुनाला पहिल्यांदा आपलं पूर्ण काम दिसलं.

इथवर कौतुक झालं. आता टीका.

पॅटर्न राज्यभर गेला, आणि 'पॅटर्न' झाला तिथेच घसरला. पद्धत माणसाला समजून करायची असते, पॅटर्न परिपत्रकाने लागू होतो. माझा एक विद्यार्थी महसुलात लागला, अव्वल कारकून होऊन निवृत्त झाला. या जिल्ह्यातला नव्हे. तो सांगायचा, दप्तर तपासणीची तारीख आली की दोन दिवस आधी सगळे थांबून गठ्ठे बांधायचे. नवे रुमाल आणायचे, वर चिठ्ठ्या लावायच्या, अक्षर चांगलं असलेल्याकडून लिहून घ्यायच्या. तपासणी झाली, शेरा चांगला पडला, की आठव्या दिवशी पुन्हा ढीग. मी विचारलं, "अरे, मग गठ्ठे कशासाठी असतात हे कोणी सांगितलं नाही?" तो म्हणाला, "सर, कशासाठी हे परिपत्रकात नसतं."

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाची. कार्यालयाचं नाव घेत नाही, आणि त्या बाबावर माझा रागही नाही. माझ्या सेवापुस्तकातल्या एका जुन्या नोंदीवर सही नव्हती. प्रकरण त्रुटी काढून परत आलं. त्रुटी पुरी करून पाठवलं, पुन्हा परत आलं, आता दुसरी त्रुटी. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेलो आणि विचारलं, सगळ्या त्रुटी एकदम का नाही सांगत? तो शांतपणे म्हणाला, "सर, सात दिवसांच्या आत टेबलावरून हललं पाहिजे. हलवलं." त्याने मला त्याची कार्यविवरण नोंदवही दाखवली. शिल्लक : शून्य. मित्रहो, मी त्या शून्यात होतो.

हे सात दिवस कुठून आले? ते कायद्यातले आहेत, आणि गंमत म्हणजे त्या कायद्याचा धागाही याच जिल्ह्याला येऊन मिळतो. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंनी माहितीचा अधिकार, बदल्या आणि दप्तरदिरंगाई या प्रश्नांवर आंदोलनं केली. पुढे राज्याचा 2005चा बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम आला. तो 1 जुलै 2006पासून लागू आहे. साधारण तीन वर्षांचा पदावधी, आणि कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण कायद्याने मोजलं काय? फाइल एका टेबलावर किती दिवस होती ते. माणूस किती दिवस टांगलेला होता, हा वेगळा आकडा आहे. पहिला आकडा सुधारत असताना दुसरा बिघडू शकतो. माझा बिघडला.

'उत्पादकता' या शब्दाशी माझं भांडण आहे ते इथे. कापडगिरणीत तासाला किती मीटर कापड निघालं हे मोजता येतं, कारण कापड हीच निष्पत्ती आहे. कारकुनाच्या टेबलावरून निघालेला कागद ही निष्पत्ती नाही. साधा फेरफार घ्या. वडील वारले, वारसांची नोंद करायची. संबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी 15 दिवस थांबायचं. उत्पादकतेच्या दृष्टीने हे 15 दिवस म्हणजे निव्वळ तोटा. पण ते कोणासाठी आहेत? लग्न होऊन दूर गेलेल्या बहिणीसाठी, जिचं नाव दोन भावांनी गाळलेलं असतं. जो तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) घाई करतो तो आकड्यात हुशार ठरतो. जो विचारतो, "बहीण आहे का? तिला नोटीस पोचली का?" तो मागे पडतो. सांगा, यातला उत्पादक कोण?

आम्ही प्राध्यापक यातून सुटलो असं समजू नका. 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांसाठी एपीआय नावाची गुणांची पद्धत आणली. शोधनिबंधाला इतके गुण, चर्चासत्राला इतके. माझी नोकरीची शेवटची वर्षं होती, मला त्याची झळ फारशी लागली नाही, पण तरुण सहकाऱ्यांना पैसे भरून कुठल्याही मासिकात निबंध छापून आणताना मी पाहिलं. त्यातले काही फार चांगलं शिकवायचे. वर्गात शिकवण्याने मिळणारे गुण जेमतेम, मग वर्गात कशाला जीव ओतायचा? कारकुनाला हसण्याचा हक्क आम्ही तिथेच गमावला.

एक आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खरा आहे. मोजायचं नाही तर जाब कसा विचारायचा? मोजलं नाही तर पुन्हा 'सहा महिने थांब'. बरोबर. मीही मोजू नका म्हणत नाही. 2025च्या सुरुवातीला राज्य सरकारने कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम घेतला. स्वच्छता, तक्रार निवारण, संकेतस्थळ, बसण्या-उठण्याच्या सोयी. अनेक ठिकाणी जुने अभिलेख लागले, चांगलं झालं. पण वाचताना मला चाळीस वर्षांपूर्वीचं नगर आठवत होतं. हेच काम पुन्हा पहिल्यापासून का करावं लागतं, हा प्रश्न कोणत्या कलमात बसतो?

त्याचं एक कारण बोचरं आहे. सुधारणा साहेबाच्या नावाने ओळखली जाते, 'लखिना पॅटर्न', 'अमुक पॅटर्न'. साहेब तीन वर्षांनी जातो, टेबल तिथेच राहतं. त्या टेबलावर वीस वर्षं बसलेल्या बाईंचं नाव कोणत्याही पॅटर्नला नाही. त्यांना वर्षातून एकदा मिळतो तो गोपनीय अहवाल. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात सांगितलं की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. म्हणजे स्वातंत्र्यानंतर साठ वर्षं लागली हे ठरायला, की माणसाला स्वतःबद्दलचं मत कळावं. यालाच आपण मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणत होतो. त्यातून शेजारचं पद रिकामं, त्याचा अतिरिक्त कार्यभार याच बाईंकडे, आणि दोन टेबलांचे मिळून बारा गठ्ठे. मार्च 2023मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर संप झाला तेव्हा लोक चिडून म्हणाले, यांना काम नको, पेन्शन पाहिजे. संपाच्या मागणीवर मतभेद असू शकतात. पण ज्याला कामातून काहीच परत मिळत नाही, तो सगळं पेन्शनमध्येच शोधणार.

मग मोजायचं काय? मला एकच गोष्ट सुचते. खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला विचारा, "या कामासाठी ही तुमची कितवी खेप?" आणि तो आकडा लिहा. साहेबासाठी नव्हे. आठवड्याच्या शेवटी त्या संकलनातल्या चार-पाच माणसांनी एकत्र बसून तो वाचायचा आणि चौथी-पाचवी खेप ज्यांची झाली त्यांची प्रकरणं काढून बघायची, कशाने अडलं. कोणाचं नाव न घेता. नियमातच खोट असेल तर वर लिहायचं. माझ्या त्या त्रुटीवाल्या गृहस्थाला हे करू दिलं असतं तर त्याने ते उत्तम केलं असतं. निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात येऊ शकतील त्या सगळ्या त्रुटी त्याला तोंडपाठ होत्या. तिसऱ्या भेटीत त्याने मला त्या कागदाच्या पाठीवर लिहून दिल्या. अकरा होत्या. मी म्हटलं, "हे छापून खिडकीवर का लावत नाही?" तो म्हणाला, "आजवर कोणी विचारलंच नाही."

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत तहसीलमधली काही मंडळी बसली आहेत असं मला आत येताना कळलं. त्यांनी आधी बोलावं, माझं कुठे चुकलं ते सांगावं.