चलच्चित्रांवरून बंदूकदुरुस्ती : एक परीक्षण

जुन्या लष्करी बंदुकांच्या दुरुस्तीचे पाठ हल्लीं चलच्चित्रांच्या द्वारें घरबसल्या मिळतात. ब्रिटिश ली-एनफील्ड नं. ४ या बंदुकीवरील असे कांहीं पाठ आम्हीं पाहिले. भाग सुटे करून पुन्हां जोडण्याचा क्रम त्यांत उत्तम दाखविला आहे. छापील आकृतीला तें साधत नाहीं. परंतु या बंदुकीच्या बोल्टला ० ते ३ अशा आंकड्यांचीं, चढत्या लांबीचीं शिरें असतात. त्यांतून योग्य तें निवडून काडतुसाच्या कडेसाठीं ०.०६४ ते ०.०७४ इंच एवढेंच अंतर राखावें लागतें. हा शतांश इंचाचा विवेक मापक हातीं धरल्यावांचून येत नाहीं, आणि तेथें चुकल्यास नेमबाजाचा डोळा धोक्यांत येतो.

याहून गंभीर आक्षेप निराळा. लांकूड घासून व पोलाद नव्यानें काळें करून बंदूक ‘नवी’ करण्याचा सोस हे पाठ वाढवितात. कारखान्यांतील संपूर्ण दुरुस्तीची ‘एफ्. टी. आर्.’ ही खूण म्हणजे त्या वस्तूची पुष्पिकाच होय. पोथीवर हरताळ लावणारा लेखक चुकलेलें अक्षर झांकतो. येथें शुद्ध पाठच पुसला जातो. सबब संग्राहकांनीं हे पाठ टीकेप्रमाणें वाचावे, गुरूच्या ठिकाणीं मानूं नयेत.