दोन खुर्च्या

नसीमा हुरजूक यांच्या आत्मचरित्राचे नाव 'चाकाची खुर्ची' असे आहे. हे नाव वाचताच आपले मन कळवळते, आणि तेथेच आपल्या वाचनाला खोट लागते असे मला वाटते. मराठीत खुर्ची म्हणजे नुसते बसण्याचे साधन नव्हे. खुर्ची म्हणजे हुद्दा, अधिकार, शब्दाला असलेली किंमत. खुर्ची गेली की काल दारात ताटकळणारी माणसेही ओळख विसरतात. पण तीच खुर्ची चाकांवर आली आणि तिच्यात एखादी स्त्री बसलेली दिसली, की हा सारा अर्थ गळून पडतो व मागे दया तेवढी उरते.

आपल्या कथाकादंबऱ्यांनी ही सवय चांगलीच पोसली आहे. त्यांतली पांगळी वा आंधळी मुलगी धाकट्या बहिणीच्या लग्नात कोपऱ्यात बसून डोळे पुसते, नाही तर नायकाचा मोठेपणा उजळावा म्हणून चार पाने येऊन जाते. ती कचेरीत बसली आहे आणि धडधाकट पुरुष तिच्या सहीची वाट पाहत उभे आहेत, असा प्रसंग मला तरी फारसा आढळला नाही.

हुरजूक यांचे पुस्तक या दृष्टीने मोलाचे. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर लुळे पडलेली ही कोल्हापूरची मुलगी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी करते आणि 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड' ही संस्था उभी करते. आजारपणाचा भाग वाचकाला रडवतो, म्हणून बोलबालाही त्याचाच अधिक. संस्थेच्या उभारणीची हकिगत काही ठिकाणी अहवालाच्या वळणावर जाते, हे खरे; तथापि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. वसतिगृह, शाळा, कार्यशाळा यांचा भार वाहणारी, माणसे कामाला लावणारी बाई तेथे भेटते. तिची कीव करायला वाचकाला सवडच मिळत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या परिसरातले. टिटवाळ्याहून मुंबईकडे निघालेल्या लोकलला आंबिवली आणि मग शहाड लागते. शहाडला लागूनच उल्हासनगर. तेथल्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकून, याच गर्दीच्या गाड्यांतून प्रवास करीत त्या झेवियर महाविद्यालयापर्यंत आणि पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठापर्यंत गेल्या. 2016 साली लागलेल्या निकालात त्यांचा क्रमांक 773 होता. भारतीय रेल्वे लेखा सेवा वाट्याला आली. आणि पूर्ण अंधत्वाचे कारण दाखवून रेल्वेने त्यांना घेण्याचे नाकारले. सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी 3 टक्के जागा राखणाऱ्या 1995 च्या कायद्याला तेव्हा 20 वर्षे उलटली होती! पुढच्याच वर्षी 124 वा क्रमांक मिळवून त्या प्रशासन सेवेत गेल्या, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या.

त्या वेळचे कौतुकाचे लेख आठवावेत. 'अंधारावर मात', 'जिद्दीची कहाणी'. मथळे जणू एकाच साच्यातून पाडलेले. जिद्द होती, यात शंका कोणाला आहे? परंतु 2016 साली वाट अडली ती डोळ्यांमुळे नव्हे. परीक्षा तर त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. अडवले ते एका खात्याने, कागदावर. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणक-प्रणाली असताना हिशेबाची फाईल अंध अधिकाऱ्याला का पाहता येऊ नये, हा प्रश्न त्या लेखांतून बहुधा ओझरताच येतो. (हल्ली 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. एकदा दिव्यत्व बहाल केले, की कचेरीचा जिना होता तसा ठेवायला मन मोकळे!) 2016 च्या नव्या कायद्याने राखीव जागा 4 टक्के केल्या, कामाच्या जागी योग्य त्या सोयी करून देण्याचे बंधनही घातले. आपल्या गौरवलेखांना मात्र त्याची खबर लागलेली दिसत नाही.

पाटील यांचे चरित्र कोणी लिहायला घेतले, तर रेल्वेच्या त्या नकाराचे प्रकरण त्यात सर्वांत लांब असावे, आणि त्याच्या खालोखाल त्यांच्या कचेरीतल्या एखाद्या साध्या दिवसाचे. लिहिणारा मात्र सहाव्या वर्षी गेलेल्या दृष्टीवरच निम्मे पुस्तक खर्ची घालील, अशी मला दाट शंका आहे.